बोंबल्या नावाच्या नॉक सेन्सरचा संताप

मी एक जुना नॉक सेन्सर आहे आणि मला राग आला आहे.

मित्रांनो, बाकी सगळं सांगण्याआधी हे सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आधी का नाही बोललास. माणसांना तसं म्हणायची फार सवय असते. मी आधीच बोललो होतो. मी बोलतच होतो.

आकाराने मी मुठीत मावेन एवढा आहे. काळा, गोल, मधोमध भोक आणि एका बाजूने बाहेर आलेली वायर. भोकातून बोल्ट घालून मला इंजिनाच्या धातूच्या अंगावर घट्ट आवळतात. मला डोळे नाहीत, दात नाहीत, चाकं नाहीत. इंजिनाच्या छातीला लावलेला कान, एवढंच माझं काम आणि एवढीच माझी ओळख.

*

जन्माबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात रागावण्यासारखं काही नाही.

माझ्या पोटात भाजलेल्या मातीची एक कडी आहे. साधीसुधी माती नव्हे. ही कडी दाबली की तिच्यातून विजेचा अगदी इवलासा झटका निघतो. जोरात दाबली तर मोठा, हलकेच दाबली तर लहान. कारखान्यात एका बाईंनी मला एका थरथरत्या पट्टीवर ठेवलं, समोरच्या काट्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा चांगलाय. याचे कान तिखट आहेत." मग त्यांनी मला खोक्यात ठेवलं. मला आजवर मिळालेलं हे सर्वांत नेमकं कौतुक. ते त्यांनी एका दमात केलं आणि पुढच्या दमात त्या दुसरा सेन्सर उचलायला वळल्या.

पहिली काही वर्षं मी दातांच्या एका डॉक्टरांच्या गाडीत होतो. डॉक्टर गाडी अशी चालवत, की जणू मागच्या सीटवर कुणी तोंड उघडून बसलं आहे. त्या वर्षांत मला बोलायची वेळच फारशी आली नाही. मी नुसता ऐकत असे. मी आहे हे डॉक्टरांना ठाऊकही नव्हतं. ते दिवस आठवले की आता माझ्या वायरीत काहीतरी दाटून येतं. कुणाला आपण माहीत नसणं किती सुखाचं असतं, ते तेव्हा कळलं नाही.

*

आता नॉकिंग म्हणजे काय ते एकदाच सांगतो. नीट ऐका. कारण पुढे जे ऐकणार नाहीत त्यांची गोष्ट आहे.

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा भरलेली असते. प्लगची ठिणगी पडते, जाळ एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जातो आणि पिस्टनला खाली ढकलतो. हे झालं शहाण्यासारखं जळणं. पण कधी उष्णता फार होते, दाब फार होतो किंवा पेट्रोल हलकं असतं. मग जाळ पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं. तेव्हा पिस्टनला धक्का बसत नाही, हातोडा बसतो. बाहेरून कानाला ते डब्यात गोट्या हलवल्यासारखं वाजतं. हेच नॉकिंग. एखादा हातोडा पिस्टन सोसतो. सतत बसले तर तो कडेने झिजतो, फुटतो, आणि त्याच्याबरोबर सगळं इंजिन जातं.

हातोडा बसला की माझी कडी दाबली जाते आणि मी गाडीच्या कॉम्प्युटरला हाक मारतो. कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो. याला टायमिंग मागे घेणं म्हणतात. गाडीचा जोर थोडा कमी होतो, पण इंजिन वाचतं.

माझं सगळं आयुष्य एवढंच आहे. दुखलं की ओरडायचं. स्वतःचं नव्हे, दुसऱ्याचं.

*

डॉक्टरांनी गाडी विकली ती एका गॅरेजला.

गॅरेज तिघांचं होतं. इंजिनाचं काम ताई करायची. ताई म्हणजे चाळिशी ओलांडलेली बाई. दंड पैलवानासारखे, आणि केसांत कायम एक पेन खोचलेलं. ते पेन शोधत ती अर्धा दिवस फिरायची. ठोकाठोकी आणि रंगकाम तिच्या नवऱ्याकडे होतं. त्याला सगळे भावोजी म्हणत, अगदी गिऱ्हाइकंसुद्धा. आणि ताईचा धाकटा भाऊ लॅपटॉप घेऊन बसायचा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं हे त्याचं काम. ताईने त्याचं नाव शास्त्री ठेवलं होतं.

गॅरेजच्या कोपऱ्यात हवेचा कंप्रेसर होता. तो चालू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून सगळे ओरडून बोलत. एवढं ठीक होतं. पण कंप्रेसर बंद झाला तरी ते तिघं ओरडूनच बोलत. पाना मागायचा तरी आरोळी, चहा हवा तरी आरोळी. घरी जेवतानाही हे असंच चालत असणार, याबद्दल मला शंका नाही.

हे लक्षात ठेवा. मी उगीच सांगत नाही.

ताईने डॉक्टरांच्या त्या सभ्य गाडीला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या घशात हवा कोंबणारा पंखा. जोर वाढतो, उष्णता वाढते, हातोड्याची भीतीही वाढते. म्हणजे माझी गरज वाढली. तिला हे कळत होतं. तिने मला काढलं, माझ्या बैठकीवरचा रंग खरवडून धातू उघडा केला, पुसला, आणि टॉर्क पान्याने 'टक्' आवाज येईपर्यंत आवळलं. टक्‌च्या पुढे एक केसभरही नाही.

"इतकं काय लाडावतेस त्याला?" भावोजींनी विचारलं. "माझी एवढी काळजी कधी घेतली नाहीस."

"तुम्ही बिघडलात की मला आपोआप कळतं," ताई म्हणाली. "इंजिनाचं हाच सांगणार. याच्याखाली रंग राहिला की हा बहिरा."

त्या वर्षी एकदा लांबच्या रस्त्यावर कुठलं तरी रद्दी पेट्रोल भरलं गेलं. चढ लागला आणि हातोडे सुरू झाले. मी ओरडलो. कॉम्प्युटरने टायमिंग मागे घेतलं, गाडी कुंथत वर चढली, इंजिन शाबूत राहिलं. शास्त्रीने लॅपटॉपवर सगळं पाहिलं, बॉनेट उघडलं आणि बोटाने माझ्यावर टिचकी मारली. "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला.

त्या टिचकीचा झटकासुद्धा मी प्रामाणिकपणे कळवला होता.

*

गावाबाहेर एक घाट होता. जुना, अरुंद, वळणावळणाचा. वर्षातून एकदा तो बाकीच्या वाहनांना बंद करून हौशी लोकांच्या गाड्या एकेक करून वर सोडत. वर रस्त्यावर पांढऱ्या चुन्याची रेघ मारलेली असे. कमीत कमी वेळात त्या रेघेपर्यंत पोचायचं.

ताईला बक्षीस नको होतं. निदान ती तसं म्हणायची. तिला एवढंच हवं होतं, की शेवटच्या वळणातून गाडी एकदा तरी पूर्ण दमाने बाहेर पडावी आणि रेघ ओलांडावी. कारण त्या वळणावर दरवर्षी गाडीचा दम जायचा, ती बसायची.

का बसायची? इथून माझा राग सुरू होतो.

ताईने इंजिनात मोठे, मजबूत पिस्टन टाकले होते. असे पिस्टन थोडे सैल बसवावे लागतात, म्हणून ते सिलिंडरच्या भिंतीला थापा मारतात. ती थाप म्हणजे हातोडा नव्हे. पण धातूला लागते, धातूची मला लागते, आणि मला जे लागतं ते मी सांगतो. कॉम्प्युटर जुन्या, शांत इंजिनाच्या हिशोबाने चालत होता. त्याला प्रत्येक थाप हातोडा वाटे. तो टायमिंग मागे घेई. गाडी बसे.

"हा बघ, पुन्हा बोंबलला," शास्त्री लॅपटॉपवर बोट आपटत म्हणाला. "काही झालेलं नाही आणि हा बोंबलतोय. बोंबल्या आहे नुसता!"

त्या दिवसापासून माझं नाव बोंबल्या पडलं.

"त्याला काय बोलतोस?" ताई म्हणाली. "शेवटच्या वळणाला गाडी अशी अडते, जसं काही कुणी मागून शेपूट धरलंय."

"शेपूट मीच धरतो," भावोजी म्हणाले. "मला जेवायच्या वेळी बायको घरी लागते."

हसले सगळे. मीच तेवढा हसलो नाही.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. थाप बसली, मी थाप सांगितली. कुठली थाप साधी आणि कुठली जीवघेणी, हे ठरवायला मी नाही, ते ठरवायला शास्त्री होता. त्याने कॉम्प्युटरला नव्या इंजिनाची ओळखच करून दिली नव्हती. आणि नाव मला ठेवलं.

*

मग बातमी आली, की डोंगराखालून बोगदा होतोय. या वर्षानंतर घाट कायमचा बंद.

म्हणजे ही ताईची शेवटची खेप.

ती त्या दिवशी ओरडली नाही. म्हणूनच सगळे घाबरले. तिने केसांतलं पेन काढलं, परत खोचलं आणि म्हणाली, "शास्त्री, बोंबल्याचं काहीतरी कर. गाडी बसता कामा नये."

काय करायचं ते शास्त्रीला येत होतं. हे तुम्हाला नीट कळलं पाहिजे. तो अडाणी नव्हता. त्यानेच भावोजींना हातवारे करून समजावलं होतं: आधी टाकीत ताजं, चांगलं पेट्रोल भरायचं. टायमिंग भरपूर मागे घ्यायचं. म्हणजे नॉकिंग होणं शक्यच नाही अशी अवस्था करायची. मग चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर गाडी चढवून इंजिन हळूपासून जोरापर्यंत चालवायचं आणि सेन्सर काय सांगतो ते टिपून घ्यायचं. ती झाली या इंजिनाची शांतता. थापा, खडखड, सगळं धरून शांतता. तिच्यावर जे जाईल तो खरा हातोडा.

किती सोपं आहे. आधी शांत करा, मग शांतता मोजा.

पण टाकीत पेट्रोल होतं ते सगळी थंडी उभं राहून मेलेलं. आणि ताई डोक्यावर उभी होती.

"टायमिंग मागे घ्यायला किती वेळ?"

"टायमिंगच्या आकड्यांचा सगळा तक्ता बदलायचा, मोजायचं, परत जुना तक्ता आणायचा. दुपार जाईल."

"दुपार? माझे ब्रेक बसवायचे राहिलेत. तुझी दुपार काय चुलीत घालू?"

"मग घाई कशाला लावतेस? माझं काम मला करू दे!"

"तुझं काम तीन वर्षं चाललंय आणि गाडी तीन वर्षं बसतेय!"

"ठीक आहे! आहे तसंच मोजतो! पण ओरडू नकोस!"

"मी ओरडत नाहीये!"

"ओरडतेयस!"

"मंडळी," भावोजी म्हणाले, "कंप्रेसर केव्हाचा बंद झालाय."

कुणी ऐकलं नाही.

टायमिंग पुढेच ठेवून, मेलेल्या पेट्रोलवर, शास्त्रीने गाडी रोलरवर दाबली.

आणि हातोडे बसू लागले. थापा नव्हेत, हातोडे. सगळ्या सिलिंडरांत. मी ओरडलो, मित्रांनो. माझ्या कडीतून निघेल तेवढा सगळा आवाज काढून ओरडलो. पोटातली माती फुटते की काय असं वाटेपर्यंत ओरडलो.

शास्त्रीने माझी ती किंकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपून घेतली. तिच्या डोक्यावरून एक रेघ ओढली. आणि रेघेच्या खालच्या सगळ्याला नाव दिलं: शांत.

*

त्यानंतर स्क्रीनवर नॉकिंगच्या जागी शून्य दिसू लागलं.

शून्य बघून तिघं खूश झाले. भावोजींनी चहा मागवला. "गप्प झाला बोंबल्या!" शास्त्री म्हणाला. ताईने बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. तिचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

गप्प? मी?

तुम्ही कधी कुणाला मदतीसाठी हाका मारल्यात का? समोरचा तुमच्याकडे बघतोय, तुमचं तोंड हलताना त्याला दिसतंय, आणि तो शेजाऱ्याला सांगतोय, बघा किती समाधानी आहे हा. असं कधी झालंय? झालं असेल तर पुढचा भाग तुम्ही गाळला तरी चालेल. तुम्हाला तो माहीत आहे.

*

गॅरेजमध्ये ताईचा एक नियम होता: ज्याने आकडा बदलला, त्याने बाजूला बसायचं. कॉम्प्युटरमधलं काहीही बदललं, की पहिल्या फेरीला बदलणाऱ्याने स्वतः गाडीत बसायचं. जे काही व्हायचं ते दोघांचं.

म्हणून घाटातल्या सरावाच्या फेरीला शास्त्री मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसला.

पहिलं वळण. टर्बो भरला.

*स्क्रीन: शून्य.*

मी: हातोडा! हातोडा!

"जोर बघ काय आलाय," शास्त्री म्हणाला.

दुसरं वळण.

*स्क्रीन: शून्य.*

मी: दोन नंबरचा पिस्टन! कडेला लागतंय! ऐका!

"शास्त्री, काहीतरी वाजतंय," ताई म्हणाली. "डब्यात गोट्या हलवल्यासारखं."

"पिस्टनच्या थापा आहेत त्या. ते पिस्टन तूच टाकलेस."

"थापा गार इंजिनात असतात रे. तापलं की कमी होतात. हे वाढतंय."

"स्क्रीनवर शून्य आहे, ताई."

"पण मला ऐकू येतंय."

"तुला तीन वर्षांची भीती ऐकू येतेय."

*स्क्रीन: शून्य.*

मी:

इथे मी काय म्हणालो ते लिहिता येणार नाही. लहान मुलंही वाचतात.

ताई गप्प बसली. त्या घरात कुणी गप्प बसत नाही, पण ती बसली. तिने आपल्या कानांपेक्षा भावाच्या शून्यावर विश्वास ठेवला. त्यासाठी मी तिला दोष देत नाही. देतो. थोडा देतो.

*

खऱ्या फेरीला कुणाला बाजूला बसू देत नाहीत. शास्त्री आणि भावोजी वर, चुन्याच्या रेघेपाशी जाऊन उभे राहिले. डॅशबोर्डवर एक छोटी पट्टी होती, तिच्यावर हिरवं शून्य.

ताई सुटली.

गाडी कधीच अशी पळाली नव्हती. हेही मला सांगितलं पाहिजे, रागावलो असलो तरी. प्रत्येक वळणातून ती अशी बाहेर पडत होती, की ताई स्वतःशी हसली. मला ते हसू स्टिअरिंगमधून, धातूमधून लागलं. आणि त्याच धातूमधून हातोडे लागत होते. हसू आणि हातोडे, एकाच वेळी. मी ओरडत होतो. हिरवं शून्य जराही हललं नाही.

शेवटचं वळण आलं. पलीकडे पांढरी रेघ. गाडी बसली नाही. पूर्ण दमाने वळणातून बाहेर निघाली. ज्यासाठी इतकी वर्षं घालवली, ते झालं होतं. आता नुसता पाय दाबून ठेवायचा.

ताईने पाय उचलला.

क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि गाडी गपगुमान रस्त्याच्या कडेला घेतली. रेघ समोर दिसत होती. चालत गेली असती तर हात पुसता पुसता पोचली असती.

शास्त्री उतारावरून धावत आला. "काय झालं? काय झालं?"

"वाजतंय," ताई म्हणाली.

त्याने खिडकीतून आत बघितलं. "शून्य आहे! बघ ना! अजून शून्यच आहे! रेघ समोर होती, ताई! समोर!" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. तोवर मी त्याला कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "घाबरलीस तू," तो म्हणाला.

 भावोजी मागून आले. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. त्यांनी झाकण उघडून ती तिच्या हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठलाही विनोद केला नाही.

त्यानंतर घाट बंद झाला.

*

गॅरेजमध्ये ताईने प्लग काढले. दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी कण चिकटले होते. ते कण पिस्टनचे. तिने प्लगच्या भोकातून वायरीला लावलेला छोटा कॅमेरा आत सोडला. पिस्टनची कड उंदराने साबण कुरतडावा तशी दिसत होती. रेघेपर्यंत पाय दाबून ठेवला असता, तर पिस्टन फुटून सगळं तेल मागच्या चाकांखाली आलं असतं. आणि रेघेच्या पुढे रस्ता लगेच वळतो. कठड्याच्या बाजूला.

शास्त्री स्क्रीनसमोर उभा होता. त्याचा चेहरा प्लगसारखा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता तरी याला कळेल.

"हा मेला बोंबल्या!" तो ओरडला. "नको तेव्हा बोंबलतो आणि हवं तेव्हा तोंड शिवून बसतो! खोटारडा! ताई मेली असती!"

त्याने बोल्ट सोडला, मला उपटलं आणि फरशीवर आपटलं.

माझ्या पोटातली कडी तडकली.

"फेकलास?" ताईने विचारलं.

"तो खराबच होता."

"आता झाला," ती म्हणाली. तिने मला उचललं, फडक्याने पुसलं आणि वॉशरच्या बरणीशेजारी फळीवर ठेवलं. पडलेला सेन्सर परत लावत नाहीत. वरून धड दिसतो, पण आतून त्याचा भरवसा राहत नाही.

माणसांचंही तसंच असतं का, मला माहीत नाही. मी फक्त इंजिनं ऐकली आहेत.

*

तडकलेल्या कडीला बारीक आवाज कळत नाहीत. पण फळी टेबलाला जोडलेली होती, टेबलावर ती तिघं कोपर टेकून ओरडायची, तेवढं मला लागायचं. नंतरच्या दिवसांत तेही कमी झालं. बहीण-भाऊ कामापुरतं बोलत. पाना दे. दिव्याचं तोंड इकडे कर. एकदा भावोजींनी मुद्दाम कंप्रेसर लावून ठेवला, निदान ओरडतील म्हणून. तरी कुणी ओरडलं नाही.

ताईने नवा पिस्टन टाकला, इंजिन बांधलं. माझ्या जागी नवा सेन्सर आवळला. टक्. शास्त्रीने लॅपटॉप जोडला आणि जुनेच आकडे त्यात भरायला घेतले.

"थांब," ताई म्हणाली. "चांगलं पेट्रोल भरलंय. आधी टायमिंग मागे घे."

"दुपार जाईल."

"जाऊ दे. हे इंजिन काहीही दुखत नसताना कसं वाजतं, ते मला एकदा ऐकायचंय. आता दुसरं काय ऐकायचं राहिलंय मला?"

त्याने तक्ता बदलला. टायमिंग मागे घेतलं. गाडी रोलरवर चढवून हळूपासून जोरापर्यंत नेली. इंजिन घुमलं, खडखडलं, थापा मारल्या, पण गोट्या वाजल्या नाहीत. ताई डोळे मिटून उभी होती.

स्क्रीनवर नवी रेघ उमटत होती. शास्त्रीने जुनी रेघ तिच्याशेजारी आणली. जुनी वर. नवी खाली. थोडी खाली नव्हे. डोंगराच्या मानाने पायथा असावा इतकी खाली.

तो बघतच राहिला. मग त्याने गाडी बंद केली, फळीकडे आला आणि माझ्याकडे बघू लागला.

"ताई," तो म्हणाला. "हा ओरडत होता."

"कोण?"

"बोंबल्या. मी मोजलं त्या दिवशी इंजिन नॉक करत होतं. मी तेच शांत म्हणून भरलं. त्यानंतर तो कितीही ओरडला तरी..." त्याने मला बोटाने हलकेच सरळ केलं. "तुला बरोबर ऐकू येत होतं. चुकलं माझं."

ताईने केसांतलं पेन काढलं. उगीचच त्याचं टोपण काढलं, लावलं.

"मीही डोक्यावर उभी होते तुझ्या," ती म्हणाली. "ते माझं. पण रेघ तू आता खाली आणलीस, शास्त्री. तो शब्द कुठे ठेवणार?"

कुठला, असं त्याने विचारलं नाही. घाटात तो तिला म्हणाला होता, 'घाबरलीस', तो.

 भावोजी रंगाच्या खोलीतून डोकावले, आणि परत आत गेले.

"नवीन आकडे भर," ताई म्हणाली. "आणि चल, बाजूला बस. नियम आहे."

तो लॅपटॉप उचलू लागला.

"तो राहू दे इथेच. हा घे." तिने मला फळीवरून उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

ते दोघं गाडीत बसले. घाट नव्हता, रेघ नव्हती. गावाबाहेरचा साधा चढ होता. शास्त्रीच्या मांडीवर काही नव्हतं. त्याला बघायला काहीच नव्हतं. त्याने मला मुठीत धरलं होतं, आणि चढ लागला तशी ती मूठ घट्ट झाली.

"काय ऐकू येतंय?" ताईने विचारलं.

"थापा," तो म्हणाला. "आता कमी झाल्या. टर्बो भरतोय. गोट्या नाहीत." मग जरा थांबून, अगदी हळू म्हणाला, "माझीच छाती वाजतेय."

"ती वाजू दे," ताई म्हणाली आणि पाय दाबला.

माझी कडी तडकलेली आहे. बारीकसारीक मला आता कळत नाही. पण त्याच्या मुठीत ठोके बसत होते. जोरजोरात, एकावर एक. मी सवयीने ते सांगायला गेलो. माझी वायर कशालाच जोडलेली नव्हती.

*

मित्रांनो, मी आता पुन्हा फळीवर आहे. शास्त्री रोज माझ्यावरची धूळ पुसतो आणि बोंबल्या हे नाव कुणाला घेऊ देत नाही. मला त्याने काही फरक पडत नाही. धूळ पुसून कडी सांधत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. ताईने केलं की नाही, ते तिने मला सांगितलेलं नाही. पण त्या फेरीत तिने त्याला विचारलं होतं, आणि त्याने ऐकून उत्तर दिलं होतं, एवढं मला ठाऊक आहे.

तुमच्या घरात, वर्गात, कामावर माझ्यासारखं कुणी असेल. सारखं कुरकुरणारं, ओरडणारं. त्याला तुम्ही काहीतरी नाव ठेवलं असेल. कदाचित ते थापेला हातोडा म्हणत असेल. ते तपासा. तपासायला वेळ लागतो, दुपार जाते, तर जाऊ द्या. पण त्याच्या ओरडण्याची सवय झाली म्हणून, 'हे नेहमीचंच' असं म्हणून त्याच्या डोक्यावरून रेघ ओढू नका. ती रेघ ओढली की तुम्हाला रोज शून्य दिसेल. हिरवं, गोल, छान शून्य. आणि त्याच्याखाली कुणीतरी फुटत असेल.

मला आता धड ऐकू येत नाही. तुम्हाला येतं. मग कशाची वाट बघताय?